पिठीसाखरेत घोळलेली राणी

'राणी एकटी गेली तर ती गेली असं धरायचं नाही. तिच्यामागोमाग आपली एक सोंगटी जायला हवी. ती नाही गेली, तर राणीला उचलायचं आणि परत मधोमध आणून ठेवायचं.' हा नियम मला पहिल्याच दिवशी ऐकवला गेला. का, हे विचारायचं नाही. खेळ असाच असतो म्हणे.

मी ती राणी बोलतेय. कॅरममधली, लाल रंगाची. कोणी मला क्वीन म्हणतं, कोणी नुसतंच 'लाल'. बोर्डाच्या मध्यावर बसवतात म्हणून माझा मान मोठा असं तुम्हाला वाटत असेल. बसून बघा कधी. चारही बाजूंनी माणसं तुमच्यावर एक डोळा मिटून नेम धरतात.

माझ्या घराण्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. लाकूड कातणाऱ्या एका पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही सगळ्या सोंगट्या एकाच फांदीतून निघालो. रंगात बुडवण्याआधी आमच्यात काही फरक नव्हता. कातणाऱ्याने उचलताना कोणी काळ्या डब्यात पडली, कोणी पांढऱ्यात राहिली, मी लाल डब्यात पडले. एवढाच माझा राजवंश.

तिथून मी आले ती मीरा रोडला, शांती नगरमधल्या एका सोसायटीच्या ऑफिसात. ऑफिस म्हणजे तळमजल्यावरची एक खोली. कोपऱ्यात गणपतीचं मखर वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेलं, एक गंजकं कपाट, आणि मधोमध आमचा बोर्ड. संध्याकाळ झाली की तीन काका यायचे. हरिश्चंद्रकाका चेअरमन. ते परळहून इकडे राहायला आले, आणि तिकडे किती मजा होती हे रोज सांगायचे. महिपतराव सेक्रेटरी. उत्तमकाका नुसतेच काका. चौथा भिडू बदलता असायचा, कधी यायचा, कधी नाही.

माणूस किती प्रामाणिक आहे हे कॅरमवरून झटकन कळतं. नेम चुकला की उत्तमकाका पावडरला दोष द्यायचे, महिपतराव ट्यूबलाइटला, आणि हरिश्चंद्रकाका बोर्डाखाली वाकून बघायचे, बोर्ड कुठे कलला आहे का. आपला हात चुकला असं म्हणणारा माणूस मी त्या खोलीत पाहिला नाही. खेळता खेळता माझ्या डोक्यावरून बिल्डिंगमधल्या पोरीबाळींचा हिशेब व्हायचा. कोण किती वाजता आली, कोणाला गेटपर्यंत सोडायला कोण आलं होतं. आमच्या खेळाचे गुण कोणाच्या लक्षात राहायचे नाहीत, हे सगळं मात्र पाठ.

एका संध्याकाळी दारात एक मुलगी उभी राहिली. पायात स्लिपर, केस वर बांधलेले, हातात कोथिंबिरीची जुडी.

"काका, एक डाव मी खेळू?"

तिन्ही माना वर झाल्या. "कुठल्या फ्लॅटमधली तू?" महिपतरावांनी विचारलं.

"तिसऱ्या मजल्यावर राहते. भाड्याने."

"हां. त्याचं काय आहे बेटा, हा मेंबरांचा बोर्ड आहे."

"पण तुम्ही तिघेच आहात. चौथा भिडू कुठाय?"

"येईल, येईल," हरिश्चंद्रकाका म्हणाले आणि पावडर शिंपडू लागले.

चौथा आला नाही. उत्तमकाका दोन्ही बाजूंनी खेळले, एकदा इकडच्या खुर्चीवर, एकदा तिकडच्या, गुडघे धरून उठत-बसत. पण दारातल्या त्या मुलीला खुर्ची काही मिळाली नाही. मला तेव्हाच त्या तिघांना चावावंसं वाटलं. सोंगटीला दात नसतात, नाइलाज.

पुढे कोणाच्या तरी जावयाने सोसायटीला नवा बोर्ड भेट दिला. चकचकीत, वर दिव्याची शेड. त्याच्या सोबत त्याची स्वतःची राणी आली, प्लॅस्टिकची. आम्ही जुने पार्किंगमध्ये गेलो, हवा गेलेल्या सायकलींच्या शेजारी. तिथे मी एका फाटक्या पिशवीत पडून होते. भंगारवाल्याची वाट बघणं हे तसं शांत आयुष्य असतं. कोणी नेम धरत नाही.

मग ती स्लिपरवाली खाली आली आणि वॉचमन सदूला म्हणाली, "हे फेकताय?"

"तुमाला पायजे? न्या की. तसं पण भंगारात चाललंय."

बोर्ड लिफ्टमध्ये आडवा जाईना, उभा जाईना. तिने सरळ डोक्यावर घेतला आणि जिन्याने निघाली. पहिल्या मजल्यावर दम लागला तेव्हा स्वतःशीच म्हणाली, "रुचिता, व्यायाम समज." असं मला तिचं नाव कळलं.

रुचिता गुहागरकडची. पदवी इतिहासाची, काम घरी बसून कॉम्प्युटरवर ग्राहकांच्या तक्रारींना उत्तरं लिहायचं. 'आपल्याशी बोलून आनंद झाला' हे वाक्य ती दिवसभर अनोळखी माणसांना पाठवत असायची. तिच्याशी बोलून आनंद झाला असं मात्र कोणी उलट लिहीत नव्हतं. आधी या खोलीत तिची मावसबहीण सुरुचीही राहायची. ती लग्न करून नाशिकला गेली आणि तिच्याबरोबर घरातला आवाज गेला.

रुचिता रडूबाई नव्हती, हे मी शपथेवर सांगते. तिने बरेच उपाय करून पाहिले. कोथिंबीर, मिरच्या, आलं, सगळं एकदम आणायचं नाही, एकेक आणायचं, म्हणजे पुन्हा खाली जायला निमित्त मिळतं. मोबाइलवर मैत्री जुळवून देणारं काहीतरी घेतलं. त्याने आवड विचारली, तिने लिहिलं 'कॅरम'. एकाचं उत्तर आलं, 'ऑनलाइन?' तिने ते काढून टाकलं. एका कॅफेत नव्या लोकांनी एकमेकांना भेटायचा कार्यक्रम होता, तिथेही जाऊन आली. परत आल्यावर आईला फोनवर म्हणाली, "सगळे आपापल्या फोनमध्ये होते गं. मीपण मग मघाशी तुलाच फोन लावला ना तिथून."

आणि मग ती माझ्याशी खेळायला लागली. उजव्या हाताने पांढऱ्या, डाव्या हाताने काळ्या. उजवा हात सारखा जिंकायचा. डाव्या हाताला ती म्हणायची, "अरे, लक्ष कुठाय तुझं?" एकदा तर डाव्याने फाउल केला म्हणून भांडण झालं आणि डाव अर्धाच राहिला. मी पुष्कळ खेळाडू पाहिले, पण स्वतःवर रुसून उठून गेलेली ही पहिलीच.

आता तो पावडरचा किस्सा.

बोर्डावर घालायला पावडर नव्हती. तिच्या ओट्यावर आईने गावाहून पाठवलेले दोन डबे होते. तुमच्याकडेही असतील तसले. आइस्क्रीम संपल्यावर धुऊन ठेवलेले, दोन्ही एकाच रंगाचे, वर काही लिहिलेलं नाही. कारण आईला माहीत असतं कशात काय आहे, मग लिहायचं कशाला? एकात मोदकांसाठी तांदळाची पिठी होती, दुसऱ्यात लाडवांसाठी पिठीसाखर. रुचिताला वाटलं, तांदळाची पिठी पावडरसारखी चालेल. तिने मूठभर घेऊन बोर्डभर उधळली.

स्ट्रायकर दोनदा सरकला, तिसऱ्यांदा अडखळला. घामट बोटांनी सगळं चिकट झालं. वैतागून ती झोपून गेली.

सकाळी मुंग्या आल्या. एकदोन नव्हे. माझ्यावर, माझ्याभोवती, खिशांच्या जाळ्यांतून, नुसता काळा समुद्र. आयुष्यात पहिल्यांदा मला दरबार भरल्यासारखं वाटलं. सगळ्या वाकून, सगळ्या मान खाली घालून. मी खूश होते. मुंग्या मात्र साखर उचलून रांगेने दाराखालून बाहेर, पॅसेजमधून, समोरच्या फ्लॅटच्या दाराखाली गडप होत होत्या.

थोड्याच वेळात दारावर थापा पडल्या. बाहेर रुचिताच्याच वयाची एक मुलगी, हातात झाडू.

"तुम्हारे घर से हमारे घर में चींटी की लाइन आ रही है! हमारी बा के बिस्तर तक गई है!"

"सॉरी, सॉरी. आमच्याकडे साखर नाहीये हो कुठे सांडलेली. तुमच्याकडूनच येत असतील."

"आमच्याकडून?" मुलगी लगेच मराठीवर आली. "मॅडम, मुंग्या तोंडात साखर घेऊन आमच्याकडे *येतायत*. जाताना रिकाम्या जातायत. बघा ना वाकून!"

दोघी पॅसेजमध्ये गुडघ्यांवर बसल्या आणि मुंग्यांची दिशा तपासली. रांग उलटी पकडत दोघी आत आल्या, माझ्यापर्यंत. झाडूवालीने बोट बोर्डावर टेकवलं आणि चक्क चाटलं.

"ही साखर आहे."

"पिठी आहे. तांदळाची."

"गोड तांदूळ होतो काय तुमच्या गावाला?"

रुचिताने बोट चाटलं. मग डब्याकडे पाहिलं. मग दुसऱ्या डब्याकडे. आणि जी हसायला लागली ती खालीच बसली. झाडूवाली आधी रागाने बघत होती, मग तीही हसायला लागली. तिचं नाव पिंकी. समोरच राहायची, आजीबरोबर. आजी म्हणजे हंसाबेन, सगळ्यांची बा. कितीतरी महिने दोन दारं समोरासमोर होती, आणि त्यांची ओळख करून द्यायला मुंग्या लागल्या.

पिंकी घरी गेली आणि एक डबी घेऊन आली. "बोरिक पावडर. बा झुरळांसाठी ठेवते. मुंग्यापण जातील, आणि तुझी ती चकती पण पळेल."

"तुला खेळता येतं?"

"नाही. पण पावडर माझी आहे, तर मला घ्यावं लागेल."

बोर्ड ओल्या फडक्याने पुसला, मला नळाखाली धरलं, दरबार वाहून गेला. वाईट वाटलं थोडं. पण त्या दिवशी मी एक गोष्ट शिकले. लहानपणी 'माझ्याशी खेळशील का' असं विचारून मैत्री होते. मोठं झाल्यावर तसं विचारायची माणसांना लाज वाटते. म्हणून मग ती भांडायला येतात. भांडायला आलेल्या माणसाला लगेच हाकलू नका, एवढंच माझं सांगणं.

पिंकीचा नेम भयंकर. तिच्या फटक्याने मी खिशात जायच्या ऐवजी फ्रिजखाली, पलंगाखाली, एकदा तर डाळीच्या पातेल्यात गेले. फरशीवर पडले की टण्णकन आवाज. तिसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरचा भाडेकरू वर आला. बर्म्युडा, सुजलेले डोळे.

"मॅडम, वर खिळे ठोकताय का? मी काशीमीऱ्याला हॉटेलात रात्रपाळीला असतो. दिवसा झोपतो. म्हणजे, झोपायचो."

"कॅरम खेळतोय," पिंकी म्हणाली.

"कॅरम बोर्डावर खेळतात. तुम्ही जमिनीवर खेळताय असं वाटतंय खालून." त्याने बोर्डाखालची उपडी बादली पाहिली आणि कपाळाला हात लावला. "बादलीवर ठेवलाय? हलणारच की तो! एखादी चादर आहे का जुनी?"

त्याने खाली चादर अंथरली, बोर्ड नीट बसवला, आणि आवाज येतो का बघायला म्हणून एक फटका मारला. मग दुसरा. मग भिंतीला टेकून बसलाच. हा अनिश. हॉटेलात भाजी इतकी बारीक चिरतो की बोटांना नेमाची सवय झालेली आहे. त्याच्या बोटाचा मार मला आवडला. मोजका, नीट.

चौथी मिनल. ती घोडबंदर गावची, बायकांना स्कूटर शिकवायची. पिंकी तिच्याकडे शिकत होती आणि कॅरमपायी दांड्या मारत होती. मिनल हेल्मेट घालूनच दारात आली.

"पिंके, गारी तुजी वाट बगतं हाय खाली, आनि तू हितं टिचक्या मारतंस?"

"मिनलदीदी, एक डाव. फक्त एक."

"मना येत न्हाय."

"मलापण नाही येत," पिंकी म्हणाली. "अनिशला विचार, किती नाही येत ते."

मिनलने हेल्मेट काढलं. झाले चार.

मग रविवार ठरून गेले. अनिश उरलेल्या भाज्यांची भजी आणायचा, पिंकी बाच्या हातचा खाकरा. बा स्वतः मटारची परात घेऊन दाराशी बसायची आणि नियम काही कळत नसताना सगळ्यांना सल्ले द्यायची. रुचिताला आता एकेक मिरची आणायला सवडच नव्हती. ती सगळी भाजी एकदम आणायची आणि जिना चढताना गाणं म्हणायची, तेही बेसूर.

एका रविवारी पिंकीचा नेम कधी नव्हे तो लागला आणि मी सरळ खिशात गेले. सगळे ओरडले. पुढच्या फटक्याला मात्र तिची सोंगटी गेली नाही. अनिशने मला उचललं.

"कव्हर नाही मिळालं. परत ठेवायची."

"का?" पिंकीने विचारलं.

"का म्हणजे? नियम आहे."

"अरं, गेली ना ती?" मिनल म्हणाली. "गेली तर गेली. तिच्या मागं दुसरं कोन जातंय का न्हाय ते कशाला बगायचं?"

अनिशने रुचिताकडे पाहिलं. रुचिताने माझ्याकडे पाहिलं. आणि मला परत खिशात टाकलं. लाकडाला रडू येत नाही, नाहीतर त्या दिवशी रंग उतरला असता.

इकडे तळमजल्यावर नव्या बोर्डाच्या दिव्याखाली तीन काका चौथ्याची वाट बघत बसायचे. पाइपांच्या डक्टमधून त्यांना आमचं हसणं ऐकू जायचं. रिकाम्या खुर्चीशेजारी बसून दुसऱ्यांचं हसणं ऐकणं कठीण असतं, हे मी समजू शकते. पण वर येऊन 'आम्हालाही घ्या' म्हणाले असते तर कोणी नाही म्हटलं नसतं. ते न म्हणता महिपतराव वर आले आणि दारातच उभे राहिले. त्यांनी बाहेरच्या चपला पाहिल्या, त्यातली पुरुषाची कोणती ते हेरलं.

"भाडेकरूंनी घरात अशी माणसं जमवायची नाहीत."

"कुठे लिहिलंय, काका?" रुचिताने विचारलं.

"लिहायला कशाला हवं? पद्धत आहे."

"या ना, बसा. भजी गरम आहेत."

महिपतराव बसले नाहीत. भज्यांकडे मात्र एकदा बघून गेले.

आणि मग तिन्ही काकांनी मोठ्या माणसांचं नेहमीचं हत्यार काढलं. मुलीशी बोलायचं नाही, मुलीच्या बापाशी बोलायचं. भाडेकराराच्या कागदावरून नंबर काढून हरिश्चंद्रकाकांनी गुहागरला फोन लावला. काय सांगितलं देव जाणे. रुचिताचे वडील काशीनाथ दुसऱ्याच दिवशीच्या गाडीने निघाले आणि आज सकाळी काशीमीरा नाक्यावर उतरले. हातात कोकमाची पिशवी, चेहरा रात्रभर न झोपलेला.

आज रविवार आहे. आमचा डाव रंगात आला होता. रुचिताने मला नुकतंच खिशातून काढलं होतं तेवढ्यात सदू सांगायला आला, "ऑफिसात बोलावलंय. तुमचे वडील बी हायत." ती तशीच उठली. म्हणून मी आत्ता तिच्या मुठीत आहे, घामाने ओली. ही गोष्ट मी तुम्हाला तिथूनच सांगतेय. माझा रंग कडेने उडालाय, एका बाजूला टवका गेलाय, पण आयुष्यात इतकी मजेत मी कधी नव्हते. ही मूठ आज बाप धरून गावाला नेतो का इथेच राहते, ते आता ठरेल. तुमचा निरोप आत्ताच घेते, कारण पुढचं तीच बोलेल. जाताना एकच विनंती. तुमच्या समोरच्या दारात कोणी एकटं राहत असेल तर जाऊन थाप मारा. काही कारण सापडलं नाही तर मुंग्यांचं नाव सांगा.

"काशीनाथराव, आम्हालाही मुली आहेत," ऑफिसात हरिश्चंद्रकाका बोलत होते. "एकटी मुलगी बिल्डिंगमध्ये राहते म्हणजे आमच्यावर जबाबदारी. उद्या काही झालं तर तुम्ही आम्हालाच विचारणार. तेव्हा एकतर घरचं कोणीतरी येऊन हिच्याबरोबर राहावं. नाहीतर हिने शब्द द्यावा की घरी कोणी येणार नाही. तेही जमत नसेल, तर मालकाला आम्ही सांगू, करार वाढवू नका."

रुचिताच्या बाबांनी हात जोडले. शाळेत क्लार्क होते ते, ऑफिसातल्या माणसांपुढे त्यांचे हात आपोआप जुळतात. "हिची आई येऊ शकत नाही. तुम्हाला त्रास झाला, माफ करा. मी घेऊन जातो हिला."

मूठ घट्ट झाली.

"काका," रुचिता म्हणाली, "माझी जबाबदारी तुमच्यावर आहे म्हणालात ना? माझं नाव काय?"

हरिश्चंद्रकाकांनी महिपतरावांकडे पाहिलं. महिपतरावांनी कपाटाकडे. "ते कागदात आहे."

"कागद राहू दे. तोंडाने सांगा."

"ऋतुजा ना?" उत्तमकाका म्हणाले.

"रुचिता. पिंकी माझ्याशी भांडायला आली होती, तिलासुद्धा पाच मिनिटांत कळलं होतं."

"मोठ्यांशी बोलायची ही पद्धत?" महिपतरावांचा आवाज चढला. "बघितलंत काशीनाथराव? ही संगत!"

"रुचे," बाबा हळूच म्हणाले, "माफी माग त्यांची. आणि चल, सामान बांध. गावाला काय कमी आहे?"

"गावाला काही कमी नाही, बाबा. सुरुची गेल्यावर मी इथे कशी राहत होते ते तुम्हाला कधी सांगितलं नाही. दिवस दिवस तोंडातून शब्द निघायचा नाही माझ्या. तेव्हा या तिघांपैकी कोणी तुम्हाला फोन केला नाही. तेव्हा मी चांगली मुलगी होते. आता चार माणसं माझ्या घरी येऊन हसतात, तर तुम्हाला रात्रभर गाडीत बसवून बोलावून घेतलं."

"रुचे, अगं..."

"माफी मागणार नाही. सामान बांधणार नाही. आणि काका, शब्द देणार नाही. मालकाला काय सांगायचं ते सांगा, त्यांनी विचारलं तर मीही हेच सांगेन. बाबा, तुम्ही दमलाय. वर चला, चहा टाकते. तुम्हाला सगळ्यांशी ओळख करून देते, चार दिवस राहा. पण न्यायला आला असाल, तर परतीचं तिकीट एकट्याचंच काढा."

हरिश्चंद्रकाका वाकून बोर्ड कुठे कलला आहे का ते बघू लागले. उत्तमकाका पावडरच्या डबीचं झाकण लावत बसले, ते लागेना. महिपतराव कपाटाकडे बघत राहिले. बाबांचे जोडलेले हात सुटले होते, पण कुठे ठेवायचे ते त्यांना कळत नव्हतं. दार उघडंच होतं, आणि रुचिता तिथे त्यांच्यासाठी थांबली होती.